माझ्या सर्टिफिकेटला हार

मेडिकलच्या दुकानात शिरलात की भिंतीवर एक काचेची फ्रेम दिसते बघा. कधी गणपतीच्या शेजारी, कधी ट्यूबलाइटच्या मागे जळमटांत. तिच्यात काय लिहिलंय ते कुणी गिऱ्हाइकानं वाचलेलं मी काही पाहिलं नाही. अशा एका फ्रेमखाली मी सगळी नोकरी काढली, तीही उभ्यानं. म्हणून माझ्याआधी माझे गुडघे रिटायर झाले. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. म्हटलं, लिहिते, पण ती फ्रेम सोडून मला दुसरं काही सुचणार नाही.

बाहेरच्यांसाठी आधी सांगून टाकते. ती फ्रेम म्हणजे फार्मासिस्टचं नोंदणीचं सर्टिफिकेट. मी औषधांचा कोर्स केला, परीक्षा दिली, सरकारदरबारी माझं नाव लागलं, आणि माझ्याकडून चूक झाली तर ते नाव काढताही येतं, असा त्याचा अर्थ. कायदा साधा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं द्यायची तर दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे. हजर म्हणजे हाडामांसाचा. चिठ्ठी बघायची, औषध बरोबर आहे का, जास्त तर नाही ना, याच्याबरोबर ते चालतं का, हे तपासायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. बिस्किटाचा पुडा आणि गोळ्यांची पट्टी यांत फरक आहे, एवढंच कायद्याचं म्हणणं.

आमच्या लोकांनी मात्र कायद्याला मामा बनवायची फार सोपी युक्ती काढली होती. माणूस नको, फ्रेम द्या! फार्मासिस्ट स्वतः कुठल्यातरी कारखान्यात नोकरीला, त्याचं सर्टिफिकेट भाड्यानं दुसऱ्याच गावच्या दुकानात लटकलेलं. दुकानदार रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळणार. मी ऐंशीच्या दशकात जळगावला डी. फार्म. केलं तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची सर्टिफिकेटं त्यांच्याआधी नोकरीला लागली. मुलींची तर गंमत निराळीच. मेडिकलवाल्या घरांतून आम्हाला अशी मागणी यायची की विचारू नका. भाडं कशाला द्यायचं, सूनच करून आणू!

तर मला बघायला साक्रीहून आबा आले. आबा म्हणजे माझे पुढे झालेले सासरे. साक्रीच्या बाजारात त्यांचं मेडिकल होतं आणि त्यांचा जुना भाड्याचा फार्मासिस्ट आपली फ्रेम परत मागायला लागला होता. आमचं घर नशिराबादला. आत्यानं पोहे केले होते, मी साडी नेसून जमिनीकडं बघत बसले होते. भाकरी येते का, शिवण येतं का, कुणी काही विचारलंच नाही. आबा म्हणाले, "सर्टिफिकेट दाखवा." माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते ट्रंकेतून काढून दिलं. आबांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडं धरला, शिक्का निरखला आणि कागदाकडंच बघत म्हणाले, "आम्हाला पसंत आहे."

मुलाकडं मी चोरून पाहिलं. तो मात्र माझ्याकडं बघत होता. म्हणून मी हो म्हटलं, खरं सांगते.

लग्न झालं. माझ्या मनात काय होतं, तर पांढरा कोट घालून मी काउंटरवर उभी राहणार, लोक चिठ्ठी देणार, मी औषध देणार. पण तिसऱ्या दिवशी आबांनी सर्टिफिकेट फ्रेमवाल्याकडं नेलं. कोपऱ्यात हौसेनं माझा लग्नातला फोटो चिकटवून घेतला, नथ घातलेला, म्हणजे इन्स्पेक्टर आला तर त्याला कळावं फार्मासिस्ट कोण. ती फ्रेम वाजतगाजत दुकानात गेली आणि मी स्वयंपाकघरात. "आपल्या घरात सुना दुकानावर बसत नाहीत," आबा म्हणाले. विषय संपला. आमचे हे तोंड उघडायला गेले तर आबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पाणी प्यायला आत निघून गेले.

मला इतका राग आला होता ना! रात्रंदिवस पाठ केलेलं, डोळे फोडून शिकलेलं सगळं, आणि ते भिंतीवर टांगून मी भरीत भाजत बसायचं. माझ्या नावावर आबा आणि आमचे हे कुणाला काय देतायत, याचा पत्ता नाही. कुणाला काही झालं तर नाव माझं. मी अक्कांना, म्हणजे सासूबाईंना, एकदा म्हटलंही. अक्का फारशा बोलायच्या नाहीत. त्यांनी फक्त चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं.

दुकानाची पद्धत कशी होती ते सांगते. डोंगराकडच्या पाड्यांवरून, रस्त्यावरच्या गावांतून लोक स्वतः यायचे नाहीत. औषध संपलं की रिकामी पट्टी एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायचे. साक्री-भुसावळ गाडीवर गोविंदा नावाचा कंडक्टर होता. पानानं तोंड रंगलेलं, आवाज घंटीपेक्षा मोठा. तो गाडीतून उतरला की सरळ आमच्या दुकानात. खिशातून रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा काढायचा आणि काउंटरवर पत्ते पिसल्यासारखा मांडायचा. ही पाड्यावरच्या मावशीची, ही म्हाताऱ्याची, ही कुणाची ते आठवत नाही पण कासाऱ्याच्या स्टँडवरची. आबा पट्टी बघायचे आणि तशीच दुसरी द्यायचे. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, विचारपूस नाही. गोविंदा माझ्या माहेरचा डबाही न्यायचा आणायचा, कारण नशिराबाद त्याच्या रस्त्यावरच. त्यामुळं तो मला देवासारखा वाटायचा आणि त्याच्या पट्ट्या बघून अंगावर काटा यायचा, दोन्ही एकदम.

मग शेजारच्या घरातली सून एका दुपारी आली. तिला सहावा महिना लागलेला. खोकला झाला म्हणून आबांनी तिला कॅप्सूल दिल्या होत्या. कशा घ्यायच्या ते ती विसरली, म्हणून मला विचारायला आली. पाहते तर टेट्रासायक्लिन! गरोदर बाईला ते द्यायचं नसतं. पोटातल्या बाळाच्या दातांना, हाडांना त्याचा त्रास होतो. आम्हाला पहिल्याच वर्षाला शिकवलं होतं. मी तिला विचारलं, "घेतली का एखादी?" म्हणाली, "नाही, आत्ताच आणल्यात." माझा जीव भांड्यात पडला. तिला तशीच डॉक्टरकडं पाठवली आणि संध्याकाळी त्या कॅप्सूल आबांच्या ताटाशेजारी ठेवल्या.

आबा वाईट माणूस नव्हते हो. रात्रीबेरात्री उठून लोकांना औषध देणारा माणूस. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आबा, मला दुकानात येऊ द्या." तर म्हणाले, "लोक म्हणतील, सुनेला कमवायला बसवलं." झालं, गाडी पुन्हा तिथंच.

आणि मग दसरा आला.

खंडेनवमीला आपल्याकडं ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो. आबांनी विचार केला, आपल्या दुकानाचं हत्यार कोणतं? कात्री? तराजू? छे! ज्याच्यावर दुकान चालतं ते सर्टिफिकेट. त्यांनी माझ्या फ्रेमला झेंडूचा भलामोठा हार घातला, फोटोवर हळदकुंकू वाहिलं, खाली समई लावली आणि डोळे मिटून हात जोडून उभे राहिले.

नेमका तेव्हाच गोविंदा पट्ट्या घेऊन दुकानात शिरला.

त्यानं काय पाहिलं असेल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. नथ घातलेल्या नव्या सुनेचा फोटो, त्याला हार, पुढं दिवा, आणि सासरा डोळे मिटून पुटपुटतोय. आता अशा वेळी कुणी विचारतं का, की काय झालं होतं हो? गोविंदानं टोपी काढली, पट्ट्या खिशात परत कोंबल्या आणि पाय न वाजवता मागं फिरला. साक्रीपासून नशिराबादपर्यंत त्याच्याकडून घंटीशिवाय काही आवाज आला नाही म्हणतात. नशिराबादच्या स्टँडवर आप्पा माझ्यासाठी फराळाचा डबा घेऊन उभे होते. गोविंदानं डबा घेतला नाही. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

फोन कुणाच्याच घरी नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आप्पा, आत्या आणि आमची अर्धी गल्ली साक्रीला निघाली. आत्यानं वाटभर असा गळा काढला होता की धुळ्याला गाडीत चढलेल्या लोकांनी आपापली पानं-तंबाखू खिशात ठेवून दिली. "माझी फार्मासिस्ट पोर गेली हो! साक्रीच्या मेडिकलवर तिचं नाव होतं हो!" आणि आत्याच्या मागच्याच सीटवर, हातात बॅग धरून, औषधखात्याचे इन्स्पेक्टर बसले होते. सणाला दुकानदार बेसावध असतात, म्हणून त्यांनी मुद्दाम दसऱ्यालाच साक्रीचा दौरा काढला होता. साक्री येईपर्यंत त्यांना आमच्या दुकानाचा सगळा इतिहास कळला.

मला यातलं काहीच माहीत नाही. मी खापरावरची पुरणपोळी शिकत होते. कोपरापर्यंत कणीक, कपाळाला पीठ. पोळी हातावर फिरवत मोठी करायची आणि खापरावर टाकायची. माझी पोळी रुमालाएवढी झाली की फाटायची. अक्का हसत होत्या. तेवढ्यात दारात रडण्याचा कल्लोळ. मी पोळी हातावर घेऊन तशीच बाहेर आले. "आत्या? काय झालं? कोण गेलं?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. रडणं एकदम थांबलं. मग तिनं पुढं येऊन मला एक सणसणीत चापट दिली, मला मिठी मारली आणि परत पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली. पोळी दोघींच्या मध्ये. आप्पा ओट्यावरच बसले. माझा हात हातात घेऊन बोटांवरची कणीक चोळत राहिले. आप्पांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अक्का बाहेर आल्या. "काय व माय, काब्र रडी ऱ्हायनी?" का रडता म्हणून विचारलं त्यांनी. गोविंदाचं नाव, हाराचं नाव निघालं, तसा सगळा उलगडा झाला. आधी गल्ली हसली, मग आत्या, आणि शेवटी मी. आप्पा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, तू दुकानात उभी असतीस तर गोविंदानं तुला पाहिलं असतं ना? तू का नव्हतीस तिथं?"

मी पदराला चिकटलेली पोळी खरवडत राहिले.

तेवढ्यात आबा धापा टाकत आले. इतक्या माणसांकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "सूनबाई, चला लवकर! साहेब आलेत. म्हणतात, तुमची फार्मासिस्ट वारली, आता दुकान कुणाच्या नावावर? मी म्हटलं, जिवंत आहे! म्हणतात, मग दाखवा! नुसतं तोंड दाखवून या, पाच मिनिटांचं काम."

मी हात धुतले. म्हटलं, "आबा, पाच मिनिटांसाठी नाही येणार. साहेब विचारतील, तुम्ही इथं रोज असता का? मी हो म्हटलं तर ते खोटं. त्या खोट्यानं माझं नाव जाईल. नाही म्हटलं तर दुकान जाईल. मी खोटं बोलणार नाही. यायचं तर रोज येईन."

"पोरी, लोक..." आबा म्हणाले.

"लोक आलेत की," आत्या म्हणाली. "रडायला आलेत."

आबांनी अक्कांकडं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, ही तरी सुनेला समजावेल. अक्कांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मन्ही सून शे ती, फोटो नही. एक दिन दखाडीसन परत लई येवानी नही." माझी सून आहे, फोटो नाही, एक दिवस दाखवून परत आणायची वस्तू नाही. एवढं बोलून त्या चपला घालून पुढं निघाल्या.

मग बाजारातून आमची जी मिरवणूक निघाली! पुढं अक्का, मागं कपाळाला पीठ लागलेली मी, मग आप्पा, आत्या, गल्ली, आणि सगळ्यांत शेवटी आबा. लोक ओट्यांवर उभे राहून बघत होते. ज्यांनी सकाळच्या गाडीतल्या लोकांकडून मी गेल्याचं ऐकलं होतं त्यांतल्या एका म्हातारीनं मला बघून रामराम म्हणत पदरानं डोळे झाकून घेतले.

साहेब फ्रेमखाली उभे होते. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "त्या तुम्हीच?"

"हो."

"दुकानात रोज तुम्ही असता?"

आमचे हे काउंटर घट्ट धरून उभे होते. दुकान गेलं असतं तर त्या घराचं सगळं गेलं असतं, आणि मी त्या घरातली अजून नवीन सून. पण दुसरं काही बोलता येईना. "आजपर्यंत नव्हते," मी म्हटलं. "आजपासून असेन."

साहेबांनी बॅगेतून कागद काढला. मग त्यांनी आबांना विचारलं, "खरं?" आबा खाली बघून म्हणाले, "त्या म्हणतात तसंच." साहेबांनी ताकीद लिहून दिली, आबांची सही घेतली आणि म्हणाले, "त्या इथं नसतील तेव्हा चिठ्ठीचं औषध काउंटरवर आलेलं चालणार नाही. मी परत येईन, सांगून येणार नाही. आणि आधी तो हार काढा हो!"

हार मीच काढला. स्टूल अक्कांनी धरलं.

पांढऱ्या कोटावरून घरात एक छोटी लढाई झाली. सवाष्ण बाईनं पांढरं घालायचं? अक्कांनी तोड काढली, कोटाच्या गळ्याला हिरवी पट्टी शिवून दिली. तसा कोट अख्ख्या जिल्ह्यात माझा एकटीचाच असावा. साहेब पुढं दोनदा न सांगता आले. तो कोट बघून गालात हसले, मी हजर होते, परत गेले.

गिऱ्हाइकांनी मला सुरुवातीला भारी छळलं. एक पैलवान ताकदीच्या गोळ्या मागायचा आणि चिठ्ठी मागितली की दंड दाखवायचा. एक पुढारी झोपेच्या गोळ्यांसाठी यायचे. म्हणायचे, "मला ओळखत नाही का?" मी म्हणायची, "ओळखते ना भाऊ, तुमच्या डॉक्टरांनाही ओळखते." ते रागारागानं निघून जायचे आणि चिठ्ठी घेऊन परत यायचे. एका बाईला मात्र मी उगाच तोडून बोलले. तिचं घर लांब, चिठ्ठी घरी राहिलेली, बिचारी उन्हात परत गेली. चूक नव्हती माझी, पण सावलीत बसवून पाणी तरी द्यायचं होतं. ते अजून सलतं.

सगळ्यांत बदलले ते आबा. मला घरी सूनबाई म्हणायचे, दुकानात मॅडम. मी जेवायला घरी गेले की काउंटरवर राखणीला बसायचे आणि येईल त्याला ऐकवायचे, "मॅडम जेवाले गयात. आते फक्त बाम भेटी." तापानं फणफणलेल्या माणसालाही बाम! गोविंदा रिकाम्या पट्ट्या घेऊन आला की आबाच आधी हात पुढं करायचे, "चिठ्ठी कोठे शे?" गोविंदा डोकं आपटायचा. "आबा, कंडक्टरले कसानी चिठ्ठी?" पण मग त्यानं वाटेवरच्या गावांना दम भरला, चिठ्ठीशिवाय पट्टी घेणार नाही. डॉक्टरांपेक्षा त्याचं ऐकलं लोकांनी.

नव्वद सालानंतर कधीतरी आबांनी अंथरूण धरलं. मी दुपारी त्यांची औषधं घेऊन घरी आले की पहिला प्रश्न, "दुकानात कोण?" मी म्हणायची, "हे आहेत." "तो फार्मासिस्ट शे का?" आणि मला हातानं ढकलायचे. "जा. फ्रेम तठे एकली शे." फ्रेम तिकडं एकटी आहे म्हणे. शेवटच्या दिवशीही मला त्यांनी असंच ढकललं. हातात जोर नव्हता, पण ढकललं. मी गेले नाही. तेवढं एकदा मी त्यांचं ऐकलं नाही.

तेरावं झाल्यावर आम्ही दुकान उघडलं. माझ्या फ्रेमशेजारी आबांचा फोटो लावला, झेंडूचा हार घातला. गोविंदाची ड्यूटी मधले काही महिने दुसऱ्या मार्गावर होती, त्याला काही कळलं नव्हतं. तो नेहमीसारखा ओरडत आत शिरला, हाराकडं बघितलं आणि खो खो हसत सुटला. "यंदा आबांचा नंबर का? दसरा तर अजून लांब शे! कुठं शेत आबा? बोलवा, मी काही फसणार नाही आता."

माझ्याकडं बघता बघता त्याचं हसू विरत गेलं. त्यानं टोपी काढली. बराच वेळ फोटोसमोर उभा राहिला, बाहीनं डोळे पुसले. मग सवयीनं खिशात हात घातला आणि एक रिकामी पट्टी काउंटरवर ठेवली. नुसतीच पट्टी. मी हात पुढं केला. त्यानं आबांच्या फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"आबा गयात, तरी चिठ्ठी लागीच का?"

"आते तं लागीच," मी म्हटलं.